परीक्षकांच्या यादीत कोण आहे?

जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या लासूरजवळ कुष्ठरुग्णांसाठी बांधलेलं एक लहानसं रुग्णालय आहे. ते १९८५ साली पूर्ण झालं. पेर क्रिस्तियान ब्रिनिल्डसेन आणि यान ओलाव येन्सेन या दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी ते केलं. भिंती तिथल्याच दगडाच्या आणि छत कमानदार. बाहेरून इमारत जवळजवळ बंद दिसते. आत शिरलं की झाडं लावलेला मोकळा चौक, त्याच्याभोवती ओसरी आणि ओसरीला लागून खोल्या. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांना स्वतःचं अंगण मिळावं असा तो आराखडा आहे. १९९८ मध्ये या इमारतीला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, त्याच यादीत चार्ल्स कोरिआ यांचं भोपाळचं विधान भवनही होतं. एका राज्याचं विधिमंडळ आणि खानदेशातल्या खेड्याजवळचा दवाखाना एका पंक्तीला बसले.

हे कसं घडलं, हे समजून घ्यायचं तर त्या वर्षीच्या परीक्षकांची यादी वाचावी लागते. तिच्यात झाहा हदीद आणि अराता इसोझाकी हे जगभर नाव असलेले वास्तुविशारद होते. कराचीच्या ओरंगी वस्तीत लोकांच्या हातांनी गटारं बांधून घेण्याच्या कामात वर्षानुवर्षं असलेले आरिफ हसन होते. दिल्लीचे रोमी खोसला होते. आणि त्यांच्याबरोबर मोहम्मद अर्कून हे इस्लामी विचारांचे अभ्यासक आणि फ्रेडरिक जेमसन हे अमेरिकेतले साहित्यसमीक्षक होते. मंडळ नऊ जणांचं. वाङ्मयाच्या प्राध्यापकाला दवाखान्याच्या भिंतीतलं काय कळतं, असं कुणी विचारेल. पण भिंत कशी उभी राहिली हे सांगणारे मंडळात पुरेसे होते. ती कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हे विचारायला वेगळ्या शिक्षणाचा माणूस लागतो. शिवाय या पुरस्काराची एक शिस्त अशी की निवडीच्या टप्प्यावरच्या प्रत्येक इमारतीपर्यंत एक जाणकार प्रत्यक्ष जातो, वापरणाऱ्यांशी बोलतो आणि मंडळापुढे अहवाल ठेवतो. छायाचित्रांच्या जोरावर निकाल लागत नाही.

स्पर्धेची जाहिरात आली की आपण बक्षिसाची रक्कम पाहतो, शेवटची तारीख पाहतो. परीक्षकांची नावं सहसा तळाशी, बारीक अक्षरांत असतात आणि नावापुढे ‘सुप्रसिद्ध’ असं एक विशेषण. तो माणूस आयुष्यभर काय करत आला, हे तिथे क्वचितच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की निकालाचा अर्धा भाग त्या यादीतच ठरतो. परीक्षक पक्षपाती असतात असं मला म्हणायचं नाही. प्रामाणिक परीक्षकालाही त्याच्या पेशाने शिकवलं तेवढंच कागदावर दिसतं. ज्याने घरं बांधली त्याला पावसाचं पाणी कुठून वाहील ते दिसतं, ज्याने नगररचना केली त्याला रस्ता दिसतो, संग्रहालय चालवणाऱ्याला वस्तू आत आणायचा दरवाजा दिसतो. आणि ज्या पेशाचा माणूस मंडळात नाही, त्याने जे पाहिलं असतं ते कुणीच पाहत नाही.

पुरस्कार आणि स्पर्धा यांतला फरकही इथे लक्षात घ्यायला हवा. पुरस्कार उभ्या इमारतीला मिळतो. तिथे गळती, उकाडा, वापरणाऱ्यांची तक्रार, सगळं तपासता येतं. स्पर्धेत पुढ्यात असतात ते कागद. दोन-तीन मोठे तक्ते, एखादं मॉडेल, एक-दोन पानांचं टिपण. जे अजून घडलेलं नाही ते त्यातून ओळखायचं. म्हणून स्पर्धेच्या परीक्षकाची पार्श्वभूमी पुरस्काराच्या परीक्षकापेक्षाही जास्त मोलाची.

याची सगळ्यात बोलकी उदाहरणं बाहेरच्या देशांत नोंदलेली आहेत. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा निकाल १९५७ च्या जानेवारीत लागला. २३३ प्रवेशिका आणि परीक्षक चार: अमेरिकेचे एरो सारिनेन, इंग्लंडचे लेस्ली मार्टिन, सिडनीतले प्राध्यापक हेन्री इंगहॅम अॅशवर्थ आणि न्यू साउथ वेल्सचे सरकारी वास्तुविशारद कॉब्डेन पार्क्स. चौघेही वास्तुविशारद. त्यांनी यॉर्न उट्झोन या डॅनिश वास्तुविशारदाचं जवळजवळ रेखाटनाच्या पातळीवरचं काम उचललं, हे त्यांच्या नजरेचं मोठेपण. सारिनेन स्वतः काँक्रीटच्या वळणदार छतांवर काम करत होते; उट्झोनच्या शिडांसारख्या छतांची ताकद त्यांना ओळखता आली. पण मंडळात स्थापत्य अभियंता नव्हता आणि ऑपेरा रंगमंचावर आणणाराही कुणी नव्हता. ती छतं उभी कशी राहणार, या प्रश्नावर पुढे कित्येक वर्षं गेली. सुरुवातीचा अंदाज ३५ लाख पौंडांचा, म्हणजे नंतरच्या चलनात ७० लाख डॉलरचा होता; खर्च १० कोटी २० लाख डॉलरवर गेला. उट्झोन १९६६ मध्ये काम सोडून गेले आणि १९७३ मध्ये इमारत उघडली तेव्हाही आतल्या सभागृहांबद्दलची कुरकुर संपली नव्हती. इमारत जगात अजोड आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र जे प्रश्न परीक्षणाच्या टेबलावर यायचे होते ते बांधकामाच्या जागेवर आले.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाची गोष्ट वेगळी. १९८१ ची ही स्पर्धा, १,४२१ प्रवेशिका, नावं झाकलेली. परीक्षक आठ: दोन वास्तुविशारद, दोन भूदृश्य रचनाकार, तीन शिल्पकार आणि भूदृश्य रचनेवरच्या नियतकालिकाचे संपादक ग्रेडी क्ले. त्यांनी माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची काळ्या दगडाची, जमिनीत उतरणारी भिंत निवडली. कलेच्या दृष्टीने इतकं समतोल मंडळ क्वचित जमतं. पण त्यात व्हिएतनामला लढून आलेलं कुणीच नव्हतं, आणि निकालानंतरचं वादळ नेमकं त्याच बाजूने आलं. काही माजी सैनिकांनी त्या भिंतीला लाजेची खूण म्हटलं. तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. आज लोक त्या भिंतीवरच्या नावांवर हात फिरवून रडतात, म्हणजे मंडळाची निवड खरी ठरली. तरी मला वाटतं, एखादा माजी सैनिक आत बसला असता तर निवड हीच होऊन तिच्या बाजूने बोलणारा पहिल्या दिवसापासून मिळाला असता.

सगळ्यात शहाणं मंडळ मला पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचं वाटतं. साल १९७१, प्रवेशिका ६८१. अध्यक्ष झाँ प्रुवे. हे गृहस्थ लोखंडकाम शिकलेले, पत्रा वाकवून घराचे भाग तयार करणारे कारागीर. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या हाताखाली ऑस्कर निमायर आणि फिलिप जॉन्सन यांच्यासारखे दिग्गज बसले. उरलेल्या जागांवर संग्रहालय चालवलेले विलेम सँडबर्ग, ब्रिटिश म्युझियमचे माजी संचालक फ्रँक फ्रान्सिस, बेल्जियमच्या राजग्रंथालयाचे हर्मन लिबार्स, लूव्हरचे मिशेल लाक्लोत असे लोक. केंद्रात वाचनालय आणि कलासंग्रह दोन्ही यायचे होते, म्हणून मंडळात ग्रंथपालही होते आणि संग्रहालयवालेही. या मंडळाने रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या तेव्हा फारशा न गाजलेल्या तरुणांची नळ आणि जिने बाहेर टांगलेली लोखंडी इमारत निवडली. पोलाद किती वाकेल हे ज्याच्या हाताला ठाऊक होतं, तोच अध्यक्षस्थानी होता. त्यामुळे ती कल्पना वेडगळ वाटली नाही. आणि आतले मजले खांबांविना मोकळे मिळतात म्हटल्यावर ग्रंथपालाचं लक्ष रंगीत नळांकडे कशाला जाईल?

नियम काय सांगतात? आंतरराष्ट्रीय वास्तुस्पर्धांची आदर्श नियमावली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने १९५६ मध्ये संमत केली, आणि ती परिषद भरली होती नवी दिल्लीत. तिच्या पुढच्या आवृत्तीनुसार परीक्षक विषम संख्येत हवेत, सातांपेक्षा जास्त नकोत आणि बहुमत व्यावसायिकांचं हवं. आपल्याकडे वास्तुविशारद कायदा १९७२ चा. त्याखाली आलेल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मार्गदर्शक तत्त्वंही परीक्षकांत वास्तुविशारदांचं बहुमत मागतात, त्यांची नावं स्पर्धेच्या अटींतच जाहीर करायला सांगतात आणि परीक्षकाच्या भागीदाराला वा नोकराला भाग घेऊ देत नाहीत. बहुमताची अट योग्यच आहे. ती नसती तर पुढाऱ्यांच्या पसंतीला स्पर्धेचं नाव मिळालं असतं. पण बहुमत सोडून उरलेल्या खुर्च्यांवर कोण, याबद्दल नियम फारसं बोलत नाहीत. त्या खुर्च्या बहुधा पदसिद्ध अधिकाऱ्यांनी भरतात, आणि इमारत वापरणारा माणूस बाहेर राहतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा आराखडा १९०९ मध्ये स्पर्धेतून निवडला गेला आणि जॉर्ज विटेट विजयी ठरले. ते मुंबई सरकारच्या वास्तुविशारद कार्यालयातलेच. १९१७ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जी संघटना काढली तिचे पहिले अध्यक्षही विटेटच, आणि तीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. स्पर्धेत जिंकलेलं काम बाजूला पडण्याचा अनुभवही मुंबईला जुना आहे. महापालिकेच्या मुख्यालयासाठी बक्षीस रॉबर्ट चिझम यांना मिळालं आणि १८९३ मध्ये पूर्ण झालेली इमारत मात्र फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची.

परीक्षक म्हणून गेलेल्या मराठी मुलखातल्या माणसांत अच्युत कानविंदे यांचं नाव मी आधी घेईन. जन्म १९१६ चा, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा. जे. जे. मध्ये शिक्षण, मग हार्वर्डमध्ये वास्तुविशारद ग्रोपियस यांच्याकडे, परत येऊन सरकारी प्रयोगशाळांची बांधकामं, पुढे आयआयटी कानपूर आणि मेहसाण्याची दूध डेअरी. ही शेवटची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डेअरीच्या आराखड्यात दुधाची टाकी, वाफ, गरम हवा वर जायची वाट, धुतलेल्या फरशीचं पाणी यांना पहिला मान असतो. दर्शनी बाजू नंतर. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, १९४ प्रवेशिका आल्या. परीक्षकांत कानविंदे होते, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी होते आणि त्यांच्या शेजारी ब्रिटनचे जेम्स स्टर्लिंग व जपानचे फुमिहिको माकी. अमेरिकेचे राल्फ लर्नर विजयी झाले. त्यांच्या आराखड्याचा थोडाच भाग प्रत्यक्षात आला, हा दोष परीक्षकांचा नव्हता.

दोशी स्वतः २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्काराचे मानकरी झाले. त्या वर्षीच्या परीक्षक मंडळाची रचना पाहण्यासारखी होती. अध्यक्ष ग्लेन मर्कट हे ऑस्ट्रेलियात एकट्याने काम करणारे, पत्र्याची हलकी घरं बांधणारे. सोबत रिचर्ड रॉजर्स, काझुयो सेजिमा, वांग शू. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर, ब्राझीलचे राजदूत आंद्रे कोरेआ दु लागो आणि आपले रतन टाटा. टाटांनी कॉर्नेलमध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतली होती हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. दोशींचं इंदूरमधलं अरण्य हे अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीचं काम असल्या मिश्र मंडळाला भावलं, यात मला नवल वाटत नाही.

पुण्यात स्थायिक झालेले ख्रिस्तोफर बेनिंजर हे अलीकडच्या काळातले आपल्याकडचे सगळ्यात ठळक परीक्षक होते. वास्तुविशारद आणि नगररचनाकार दोन्ही. अहमदाबादच्या नियोजन शाळेच्या स्थापनेत, पुढे पुण्यातल्या विकास अभ्यास केंद्राच्या स्थापनेत त्यांचा हात, आणि मुळशीजवळचं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्यांचं. आंध्रची राजधानी अमरावतीच्या २०१६ च्या स्पर्धेत ते परीक्षकांचे प्रमुख होते. माकींची निवड झाली, पुढे सरकारने तो आराखडा बाजूला ठेवला आणि काम ब्रिटिश वास्तुविशारद फॉस्टर यांच्या संस्थेकडे गेलं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या स्पर्धेतही तेच प्रमुख. तिथे ४२७ प्रवेशिका आल्या, चेन्नईच्या वीबी डिझाइन लॅबची रचना निवडली गेली आणि २५ फेब्रुवारी २०१९ ला स्मारक उभं राहून खुलं झालं. परीक्षक तोच असला तरी एका ठिकाणी इमारत झाली, दुसरीकडे झाली नाही. फरक पडला तो मालकाने निकाल पाळण्यात.

डिझायनर मंडळींबद्दल एक अडचण वेगळीच आहे. वास्तुविशारदाला निदान नोंदणी आहे. त्यातही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवतो, काम नव्हे. डिझायनरला तर अशी नोंदणीच नाही. बोधचिन्हाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसणारा छापखान्यातून आलेला आहे, जाहिरातीतून आलेला आहे की शिकवणारा आहे, हे सांगायची सक्ती कुणावर नाही. रुपयाच्या चिन्हाच्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळात तीन कला-डिझाइन संस्थांचे तज्ज्ञ होते. तीन हजारांवर प्रवेशिकांतून पाच काढल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकलेल्या उदय कुमार यांचं चिन्ह स्वीकारलं. स्वच्छ भारतचा गांधीजींचा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा, २०१४ चा. तो आज आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवरही आहे, पेंटरने हाताने काढलेला. काही ठिकाणी काच मोठी, काही ठिकाणी दांडी वाकडी, तरी ओळखू येतो. ब्रशने भिंतीवर काढता येईल का, हा प्रश्न ज्या परीक्षकाला सुचतो तो मला दहा पारितोषिकं मिळवलेल्यापेक्षा हवासा वाटतो.

आता लाखनीकडे येतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, भंडारा आणि साकोलीच्या मधलं हे तालुक्याचं गाव, मुरमाडीला खेटून वाढलेलं. अशा गावांत सार्वजनिक इमारतीसाठी स्पर्धा होत नाहीत. शाळाखोली, आरोग्य उपकेंद्र, समाजमंदिर यांचा नमुना नकाशा वरून येतो, शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, निविदा निघते आणि कमी दराची निविदा मंजूर होते. म्हणजे इथेही परीक्षक मंडळ आहेच, फक्त त्याला ते नाव नाही. त्यातल्या लोकांची पार्श्वभूमी हिशेबाची आणि बांधकाम देखरेखीची. ते आपलं काम करतात. पण त्या टेबलाभोवती रचनेबद्दल बोलायची जबाबदारी कुणाचीच नसते, म्हणून मे महिन्यात ४५ अंशांना तापणाऱ्या मुलखात पश्चिमेला उघडणारे वर्ग आणि सपाट स्लॅब वर्षानुवर्षं मंजूर होत राहतात.

रचनेची जाण या भागाला नवी आहे असं कुणी समजू नये. भंडारा, गोंदियातले जुने मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. जमिनीचा उतार नजरेने हेरून पाळ कुठे टाकायची, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दार कुठे बसवायचं, जास्तीचं पाणी कुठून सोडायचं, हे त्यांनी ठरवलं आणि ते तलाव आजही धानाच्या बांध्यांना पाणी देतात. त्या कामाची तपासणी करणारे लोक म्हणजे खालच्या बांधीत रोवणी करणारे शेतकरी. पहिल्याच पावसाळ्यात निकाल लागायचा.

आणि एक तारीख आमच्या जिल्ह्याला विसरता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर रुग्णालयाचा कुठलाही आराखडा, स्पर्धेतून येवो की निविदेतून, अग्निसुरक्षेचा जाणकार आणि रात्रपाळी केलेली परिचारिका यांच्या नजरेखालून न जाता पक्का होऊ नये असं मला मनापासून वाटतं. काचेच्या पेटीतलं बाळ उचलून किती पावलांत दाराबाहेर जाता येतं, हे परिचारिका नकाशावर बोट ठेवून सांगेल. उत्तम वास्तुविशारदालाही ते तिच्याकडूनच कळेल.

लाखनीत उद्या नगर पंचायतीने वाचनालयासाठी किंवा सभागृहासाठी छोटी स्पर्धा घ्यायची म्हटली, तर ते अशक्य नाही. नागपूर जवळ आहे. तिथे वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या संस्था आहेत, काम करणारे वास्तुविशारद आहेत. पाच जणांचं मंडळ पुरे. तीन वास्तुविशारद, पण तिघे तीन तऱ्हांचे: एक शिकवणारा, एक ज्याने गावांत बांधलंय आणि दहा वर्षांनी आपली इमारत परत जाऊन पाहिलीय असा, आणि एक जुन्या इमारती दुरुस्त करणारा, कारण काय आधी झिजतं ते त्यालाच ठाऊक. चौथा स्थापत्य अभियंता, खर्चावर सही करू शकणारा. पाचवी जागा वापरणाऱ्याची: वाचनालय असेल तर ग्रंथपाल, सभागृह असेल तर झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र रात्र उभा राहिलेला व्यवस्थापक. त्याला सेक्शन वाचता येत नसेल तर इतरांनी समजावून द्यावा, त्यात कुणाचा कमीपणा नाही. पडद्यामागे कपडे बदलायला जागा किती, ट्रक मागे लागतो का, वीज गेली तर बायका-पोरांनी कोणत्या दाराने निघायचं, हे प्रश्न तो विचारेल.

या पाचांची नावं जाहिरातीच्या पहिल्या पानावर छापावीत, आणि प्रत्येकाने काय बांधलं, काय चालवलं, काय शिकवलं ते दोन-दोन ओळींत. विशेषणं गाळावीत. तक्ते मराठीत मागवावेत आणि निकालाआधी नगर पंचायतीच्या आवारात आठवडाभर भिंतीवर लावावेत. परीक्षकांनी निकालाच्या आधी एकदा मे महिन्यातल्या दुपारी त्या मोकळ्या जागेवर येऊन उभं राहावं आणि जमलं तर पावसाळ्यातही, पाणी कुठे साचतं ते पाहायला. निवड का केली हे त्यांनी सहीनिशी लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या कार्यकाळातल्या सदस्यांना नकाशा बदलायचा झाला तर त्या कागदाला उत्तर द्यावं लागेल.